हुकमाचा दोर

"बाई, माझी हौसा आत हाय! पडाव आदी माझ्या दारी वळवा!"

माधवराव छातीभर पाण्यात, देवळाच्या खांबाला दोराचा वेढा देऊन उभा होता. विट्याकडनं सोनं गाळायला मद्रासात आलेला गडी, अंगापिंडानं दांडगा, म्हणून दोर त्याच्या हाती. दोराच्या दुसऱ्या टोकाला पडाव, म्हणजे चपट्या बुडाची नाव, त्यात गल्लीतला वेंकट. कालवा फुटून गल्लीत घुसलेलं पाणी गाळानं काळं झालेलं, अन् वरनं धो धो चालूच.

समोरच्या गच्चीवरनं कनकाबाई ओरडल्या, "नको! आधी श्रीरंजनी. तिला कळा लागल्यात."

कनकाबाई तंजावरकडच्या, शाळेत मास्तरीण होत्या. मागल्या पुरात जो तो हुकूम सोडत पळाला, दोर घेतलेले दोघंही एकाच घराकडं गेले, अन् पलीकडं लंगडा चंद्रमौळी माळ्यावरच बुडून मेला. त्यावर माधवरावानंच गल्ली गोळा केली, पुरातनं माणसं काढायची टोळी उभी केली, अन् सांगितलं, "हुकूम एकट्या बाईंचा. दुसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाय."

आता त्याच्याच घराचं दार फुगून बसलं होतं. आतनं हौसा खिडकीच्या गजावर तांब्या आपटत होती.

"अवो! पानी गळ्याला लागलं!"

"बाई, वाइच जाऊन येतो!"

"दोर सुटला तर पडाव कालव्यात जाईल, माधवराव. वेंकट अन् श्रीरंजनी दोघं मरतील."

ते त्यालाही दिसत होतं. घर हाकेवर, अन् पाय उचलता येईना. दोर तळव्यात रुतला, कातडी सोलली. तो रडत रडत दोर हातहातभर पुढं सोडत राहिला, मग श्रीरंजनी पडावात आली तशी ओढत राहिला. मध्येच तांब्याचा आवाज थांबला. त्यानं डोळे मिटले, पण मूठ ढिली केली नाही.

श्रीरंजनी गच्चीवर पोचली तसा बाईंचा हुकूम आला, "आता हौसाबाई!"

वेंकटनं पहारीनं गज उचकटले. हौसा निघाली, गारठलेली, ओठ निळे पडलेले, पण जित्ती. तांब्या हातातनं निसटून पाण्यात गेला होता, एवढंच.

पाणी उतरेपर्यंत सगळी गल्ली शाळेत होती. श्रीरंजनीचं बाळ पलीकडं रडत होतं. हौसा नवऱ्याशी बोलत नव्हती. त्याच्या सोललेल्या हातांना खोबरेल लावताना मात्र तिनं विचारलं,

"बाईंचा हुकूम नसता, तर आला असता?"

"आलो असतो."

"मंग ती अवघडलेली पोर?"

माधवरावानं बाळाच्या रडण्याकडं मान वळवली. हौसानं त्याचा हात काही सोडला नाही, तोंड मात्र भिंतीकडं फिरवलं.