चौदा नंबरची डबी

मरियाबाई साळव्यांची कानाची मशीन हरवून बारा दिवस झाले होते, आणि ती हरवलेलीच नाही असं वृद्धाश्रमाचा टीव्ही अजून छातीठोक सांगत होता.

आश्रम देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या रानात. दिवाळीनंतर तिथं नवी यंत्रणा आली. तिची गरज नव्हती असं कोण म्हणतो? म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू जायच्याच. कवळ्या जायच्या, चष्मे जायचे, एकीची शाल दुसरीच्या अंगावर निघायची आणि मग आठवडाभर अबोला. म्हणून प्रत्येक वस्तूला चिपवाला स्टिकर लावला, प्रत्येकाच्या मनगटात नाव-नंबराचा, तसाच चिपवाला रबरी पट्टा चढवला आणि ऑफिसात हा भलामोठा टीव्ही टांगला. वस्तू खोलीत किंवा धन्याच्या पट्ट्याजवळ असली की हिरवा ठिपका, दूर गेली की लाल. नातेवाइकांना तेच ठिपके घरबसल्या मोबाईलवर दिसायचे. व्यवस्थापक सुहासनं पहिल्या दिवशी त्या टीव्हीला झेंडूचा हार घातला होता, बोला!

आता कानाची मशीन केवढी, तर शेंगदाण्याएवढी. तिच्यावर स्टिकर बसेना. मग या शहाण्यांनी काय केलं? तो तिच्या डबीवर चिकटवला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मशीन जाईना का चुलीत, डबी उशाशी असली की चौदा नंबरच्या खोलीत हिरवा ठिपका.

मशीन गेली ती मरियाबाईंच्याच हातून, हे त्यांनी पहिल्या दिवशीच कबूल केलं होतं. प्रार्थनेला डोकं तळहातांत टेकवलं की ती मेली कानात कुईकुई करायची. म्हणून त्या ती काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलं, वर्गाच्या कपाटाची किल्ली त्याच गाठीत असायची. त्या दिवशी गाठ सोडायची राहिली आणि साडी धुण्यात गेली.

अशा चुका पूर्वी बनुबाईकडे निस्तरल्या जायच्या. बनुबाई आश्रमाचे कपडे धुवायची. गाठ सोडल्याशिवाय साडी पाण्यात घालायची नाही आणि खिसा उलटा केल्याशिवाय सदरा भिजवायचा नाही, हा तिचा नियम. तिच्या हातून कितीतरी कवळ्या आणि अंगठ्या धन्याकडे परत गेल्या होत्या. पण यंत्रणा आल्यावर धुणं गाठोडी बांधून टेम्पोनं बाहेर जायला लागलं, आणि बनुबाईच्या हातात मोबाईल देऊन तिला वस्तूंवरचे स्टिकर मोजायला लावलं.

"बाई, डबी रिकामी हाय!" मरियाबाईंच्या डाव्या कानाला अजून थोडं ऐकू यायचं, त्यात तोंड घालून ती ओरडली. "म्या सायबाला सांगितलं. लॉन्ड्रीवाल्याला इचारा म्हनलं. तर मलाच म्हनत्यात, डबी स्कॅन झाली का न्हाई? झाली ना? मग तुझं काम झालं!"

मरियाबाई उघडी डबी घेऊन स्वतः ऑफिसात गेल्या. सुहासनं डबीत पाहिलंच नाही. टीव्हीकडे पाहिलं, हसला आणि कागदावर लिहून दिलं, "मशीन जागेवर आहे. आजी, तुम्ही विसरता."

आजी म्हणे! अख्खी राहुरी ज्यांना बाई म्हणते, ज्यांना आपल्या वर्गातल्या पोरांचे हजेरी क्रमांक आजही पाठ आहेत, त्यांना हा कालचा पोरगा विसरभोळी ठरवणार. मरियाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी डबी टेबलावर आपटली. सुहासनं तेही लिहून ठेवलं, चिडचिड करतात म्हणून.

मग त्यानं पुण्याला त्यांच्या मुलाला, जस्टिनला, फोन केला. आई हाक मारली तर ओ देत नाही, विचारलं एक तर सांगते भलतंच, आणि जागेवर असलेली वस्तू हरवली म्हणून रोज भांडते. विस्मरण सुरू झालंय, मागच्या वॉर्डात हलवायला हवं. माणसाचे कान घालवायचे आणि वर म्हणायचं की हा हाकेला ओ देत नाही! आहे की नाही न्याय?

मागचा वॉर्ड म्हणजे ज्यांना आपलं नावही आठवत नाही त्यांचा. दाराला बाहेरून कुलूप. तिथं पुस्तकं ठेवू देत नसत, रविवारी चर्चला सोडत नसत, आणि आत गेलेलं माणूस परत पुढच्या खोलीत आलेलं मरियाबाईंनी पाहिलं नव्हतं. जस्टिनचा मेसेज आला, "आई, ॲपवर मशीन दिसतेय. हट्ट करू नकोस. रविवारी येऊन सही करतो." त्यांनी तो तीनदा वाचला. पोटचा पोरगा, पण आईच्या शब्दापेक्षा त्याला ठिपका खरा वाटला. त्या रडल्या, अगदी हमसून रडल्या. मग तोंड धुतलं आणि बनुबाईला बोलावलं.

"हा पट्टा निघेल का गं?"

बनुबाईनं मनगट उलटसुलट करून पाहिलं. "बटन लई घट्ट हाय. पर बाई, आमी बारक्या बांगड्या काढतोच की साबन लावून."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या गेली तर. स्टिकर मोजायला का मी जल्मले?"

रविवारी सकाळी जस्टिनची गाडी फाटकात दिसली तशी बनुबाईनं साबणाचं पाणी आणलं. मरियाबाईंनी अंगठा तळहातात दुमडला, दात आवळले. हात लाल झाला, पण पट्टा निघाला. त्यांनी तो पुसून कानाच्या मशीनच्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं. डबी उशाशी ठेवली, पांढरी साडी नीट केली आणि ऑफिसच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आत जस्टिन आणि सुहास दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर बसले होते. टेबलावर कागद होता, जस्टिनच्या हातात पेन. सुहास बोटानं चौदा नंबर दाखवत होता. दोन हिरवे ठिपके, एक डबीचा आणि एक मरियाबाईंचा. बनुबाईनं कानाशी येऊन त्याचं बोलणं पोचवलं. "म्हनतोय, आई खोलीत आराम करत्यात. मशीनबी त्यांच्यापाशीच हाय."

"जस्टिन," मरियाबाई म्हणाल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज.

जस्टिननं वळून पाहिलं. मग टीव्हीकडे. मग परत आईकडे. सुहास उठून टीव्हीच्या मागची वायर हलवायला लागला.

"वायर राहू दे. डबी आण बनुबाई."

बनुबाई धावत गेली. तिकडून येताना व्हरांड्यात निम्मा आश्रम तिच्या मागं गोळा झाला. मरियाबाईंनी डबी मुलाच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडलं. आत आईचं नाव लिहिलेला रबरी पट्टा होता.

"मी या डबीत आहे का रे?" त्या म्हणाल्या. "तुझ्या मोबाईलवर बघ. मी डबीतच आहे. मशीनही बारा दिवस अशीच डबीत आहे. आता कर सही, आणि टाक या डबीला मागच्या वॉर्डात!"

जस्टिननं पेन बाजूला ठेवलं. त्यानं तो कागद उचलून चार तुकडे केले. सुहास काहीबाही सांगायला लागला, तर त्याच्याकडे न बघता जस्टिननं एवढंच विचारलं, "धुणं कुठल्या लॉन्ड्रीत जातं?" आणि उत्तर बनुबाईनं दिलं, कारण सुहासला ते ठाऊकच नव्हतं.

मग जस्टिन आईजवळ आला. मान खाली घालून तिचा सुजलेला हात हातात घेतला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. मरियाबाईंना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. व्हरांड्यात सगळे म्हातारे उभे होते, आपापल्या मनगटातल्या पट्ट्यांकडे बघत.

"मोठ्यानं बोल," मरियाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."