वळायला शिकण्याचे पैसे

माझ्या मेव्हणीचे घर टेकडीवर आहे आणि तिथे जाताना एक मोठे वळण लागते. ते जवळ आले की बायको मागून माझा खांदा थोपटायची. मी मोटरसायकल थांबवायचो, ती उतरायची, वळण चालत पार करायची आणि पलीकडे पुन्हा मागे बसायची. वर्षानुवर्षे आमचे असेच चालले होते. एकदा शेजारून जाणाऱ्या बसमधल्या मुलांनी तिला पाहून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिने जाहीर केले, की यापुढे ती बसने जाणार.

मला ते लागले. घरात आम्ही दोघेही फारसे बोलत नाही. गाडीवर मात्र ती माझ्या कानाशी सारखी बोलत असते.

म्हणून मी वळणे घ्यायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये नाव घातले. आधी अर्थातच त्या विषयावरची पुस्तके वाचली आणि भीती तेवढी वाढवून घेतली. फी ऐकून मुलाने सांगितले, की बाबा, त्यापेक्षा टॅक्सीने जात जा. बायको म्हणाली, "वळायला शिकायचे पैसे? रस्ता वळतोच की आपोआप." खरे तर मलाही तसेच वाटत होते. स्वतःवर एवढा खर्च मी कधी केला नव्हता, आणि तो वाया जाणार याची जवळजवळ खात्रीच होती.

क्लास एका रिकाम्या वाहनतळावर होता. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. मी फेरी मारली की वळणाच्या खुणेसाठी ठेवलेला नारिंगी शंकू आडवा झालाच म्हणून समजा. शेवटी तिने मला बाजूला घेऊन विचारले, काका, नोकरी कसली करत होतात? मी म्हणालो, मुद्रितशोधक होतो, पुस्तके छापण्याआधी त्यांतल्या चुका शोधायचो.

ती हसली. "मग बरोबर आहे. तुम्ही अजून चुकाच शोधताय, काका. शंकू दिसला, खडी दिसली की तुमची नजर तिथे चिकटते, आणि नजर जाते तिथे गाडी जाते. चूक दिसली? सोडून द्या. वळण जिथे संपतं तिकडे बघा."

दिसलेली चूक सोडून द्यायची. ज्या माणसाने आयुष्यभर त्याच्या उलट करण्याचा पगार घेतला, त्याला हे सांगणे सोपे नव्हते. तो सबंध दिवस मला जमले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मान वळवली, दूर पाहिले, आणि गाडी अलगद वळली. मागे पाहिले तर शंकू उभाच.

पुढच्या रविवारी मी बायकोला भीतभीत विचारले, येतेस का, हवं तर वळणापाशी उतर. बहुधा माझी कीव येऊन ती तयार झाली. लहान वळणांवर ती एरवी श्वास रोखून बसते. त्या दिवशी ती शेजारणीच्या सुनेविषयी बोलतच राहिली. मोठे वळण आले तरी खांद्यावर हात पडला नाही. मी गोंधळून आपणहूनच थांबलो.

"उतरायचं नाही?"

"आज चपला चावतायत," ती म्हणाली. तिच्या पायात जुन्याच, मऊ झालेल्या चपला होत्या.

मी वेग कमी ठेवला. कडेची खडी दिसली, ती सोडून दिली. नजर पार पलीकडे ठेवली. मागे तिचे वजन माझ्याबरोबर झुकले आणि आम्ही बाहेर पडलो. मला ओरडावेसे वाटले, पण तसा माझा स्वभाव नाही.

"अहो, मागे फिरवा," ती कानाशी म्हणाली. "पुन्हा घेऊ."

आम्ही ते वळण उतरताना घेतले, मग पुन्हा चढताना घेतले. तिकडे मेव्हणीकडे जेवण निवत होते. कडेला थांबलो तोच मुलाचा फोन आला, कुठे अडकलात म्हणून.

"अडकलो नाही रे, वळतोय," बायको म्हणाली. "आणि तो क्लास काही महाग नव्हता."

फोन पर्समध्ये टाकत तिने मला विचारले, त्या मुलीच्या क्लासला वयाची अट आहे का.