देवाजवळचा डबा

आमच्या घरात कुलपं चोरासाठी न्हाईत, माझ्या पोरीसाठी हायत. कोठीला कुलूप, गुळाच्या डब्याला कुलूप, फ्रीजला साखळी. आमच्या हट्टा गावातले लोक म्हणतात, शिला कैदाशीण हाय. म्हणू द्या! संपदा आठ वर्षांची, अन् वजन माझ्या बराबरीचं. कितीबी खाल्लं तरी तिचं पोटच भरत न्हाई.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बापाकडून आलेलं जीन तिच्या अंगात आहे, पण बंद पडलंय. म्हणून पोट भरलेलं तिला कळत नाही. ते सुरू करायचं औषध नाही. अन्न कुलपात ठेवा. वजन असंच वाढलं तर झोपेत श्वास कोंडेल." माझ्या मालकानं, जळबानं, 'बापाकडून' एवढंच ऐकलं. तवापासून पोरीसमोर जेवायला बसत न्हाई. कितींदा म्हणलं, अवो, तुमी काय मुद्दाम केलं का?

कुलूप घराला लावता येतं, गावाला कसं लावू? मारुतीच्या भंडाऱ्यात पोरगी गुपचूप पंगतीत जाऊन बसली. वाढपी वाढून राहिले, ती खाऊन राहिली. धाप लागली तरी हात थांबंना. मी दंडाला धरून उठवलं, तर सगळी पंगत माझ्यावर उलटली. शेजारची रूपाबाई म्हणली, "भरल्या ताटावरून लेकरू उठवती! कशी माय हायेस गं?" अन् पोरीच्या हातात लाडू कोंबला. लई रडले मी. कुणाकुणाला सांगत फिरू?

मग वसमतला पावडरवाले व्यंकटराव भेटले. "ताई, आमच्या पावडरीनं बंद जीन चालू होतं. रोज दुधात दोन चमचे. भूक आपोआप कमी." डॉक्टरीणबाईचं बोलणं ध्यानात होतं, न्हाई कशाला म्हणू? पण 'चालू होतं' असं म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. घेतला डबा.

खायची वस्तू असती तर कुलपात ठेवली असती. हे तर औषध. देवाजवळ ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, म्हणलं, उद्या गुरुवार, उद्यापासून सुरू करू. जळबाबी पाया पडला. कितीतरी दिवसांनी त्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी पाणी भरून आले, तर संपदा देवापुढं मांडी घालून बसलेली. तोंड, गाल, फ्रॉक, सगळं चॉकलेटी. डब्याचा तळ बोटानं चाटून राहिली होती. माझा हात उठला, तेवढ्यात ती रडायला लागली.

"आई, सगळं औषध खाल्लं मी. तरी भूक काहून जात न्हाई गं?"

जळबा तसाच उंबऱ्यात बसला. मी तिला पोटाशी घट्ट धरलं. तीबी बिलगली, हुंदके देत राहिली. अन् रडता रडताच तिचा हात माझ्या कमरेच्या किल्ल्या चाचपायला लागला.