पहिला टाका नवरीचा

शालूबाईंच्या भरतकाम मंडळाचं शिबिर म्हणजे नमनालाच घडाभर तेल. सुया कमी, चिवड्याचे डबे जास्त. पण यंदा मलकापूरच्या पुढच्या एका शेतघरात शनिवारी सकाळी दहा बायका उतरल्या, त्या खरोखर कामासाठी. मंडळातल्या त्रिशलाताईंच्या अपूर्वाचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि रुखवतातला मोठा पडदा दोन दिवसांत भरून व्हायचा होता. गाडीवाला त्यांना सोडून कोल्हापूरला परत गेला. आता तो येणार रविवारी संध्याकाळी.

अपूर्वा आनंदाने आली होती. जयसिंगपूरचा वृषभ तिला आवडला होता, आणि या सगळ्या मावश्यांच्या मांडीला मांडी लावूनच ती टाके शिकली होती.

दुपारी शालूबाईंनी दुसुतीचं कापड सतरंजीवर पसरलं. मोर, वेल, कमळं, सगळं कार्बनने छापून तयार. मधोमध टपोऱ्या अक्षरांत दोन नावं होती, वृषभ आणि ऐश्वर्या.

मंडळाची रीत अशी, की रुखवताला पहिला टाका नवरीचा, आणि तो तिच्या स्वतःच्या नावावर. तो पडेपर्यंत दुसरीने कापडाला सुई लावायची नाही.

"शालूमावशी, नाव चुकलंय," अपूर्वा म्हणाली. "ही ऐश्वर्या कोण?"

"अगं, तूच की! सासरच्यांनी ठेवलंय. अजून ठावं न्हाय व्हय तुला?"

बायका खदखदून हसल्या. त्रिशलाताई मात्र आधीच ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवायला लागल्या.

"आई, तुला माहीत होतं?"

"मागच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आलता."

"मग मला विचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

हात धुवायचं निमित्त करून अपूर्वा अनवाणीच फाटकापाशी गेली. फोनला रेंज तेवढी तिथेच होती.

"आईची हौस हाय गं," वृषभ म्हणाला. "पत्रिकाही छापून झाल्या. आणि आपल्या खोलीत मी तुला अपूर्वाच म्हणीन की!"

हे त्याने अगदी मोठ्या मनाने सांगितलं. अपूर्वाला राग आला आणि रागाहून जास्त भीती वाटली. चोवीस वर्षं वापरलेलं नाव एका खोलीपुरतं उरलं होतं, आणि ती खोलीही त्याची.

समोरून कोल्हापूरकडे जाणारी एसटी गेली. हात करावासा वाटला. पण पायात चप्पल नव्हती, पर्स आत होती आणि लग्न नको असं तिला म्हणायचंच नव्हतं. फक्त नाव हवं होतं. तेवढ्यासाठी कुणी एसटी धरून पळत नाही, असं आपल्यात मानतात.

ती परतली तेव्हा सगळ्याजणी सुया ओवून कापडाभोवती गोल बसल्या होत्या. कुणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण सगळ्यांचे चेहरे मायेने ओथंबलेले.

"मी नाव न्हाय बदलणार," ती म्हणाली.

"बरं, नगं बदलूस," शालूबाई म्हणाल्या. "टाका तेवढा घाल. आम्ही खोळंबलोय की."

पुन्हा हशा. त्रिशलाताई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाल गं बाई. दिवस मावळायच्या आत जेवायला उठायचंय. माझ्या वेळी मी पण घातलाच की."

आईच्या डोळ्यांत विनवणी होती. हुकूम असता तर अपूर्वाने मोडला असता. तिने 'ऐ'वर सुई टोचली, दोरा ओढला आणि एक टाका घातला.

मग काय, जोंधळ्यावर पाखरं पडावीत तशा बायका कापडावर पडल्या. एकीने काना धरला, दुसरीने रफार. अपूर्वाने आपली सुई मोराकडे वळवली. तिची दोन पिसं होईतो नाव भरून झालंसुद्धा. टाका न् टाका सारखा, कुठे सुरकुती नाही. उसवायचं म्हटलं असतं तरी तिचा हात धजला नसता, इतका जीव लावून त्यांनी ते भरलं होतं.

"ऐश्वर्या, ती कात्री दे गं इकडं," शालूबाई मान वर न करता म्हणाल्या.

अपूर्वाने बाजूची कात्री उचलून त्यांच्या हातात दिली. बायकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिला कळलं, की आपण ओ दिली.