चाकाचं कुलूप

संत तुकाराम नगरच्या विहारात दर रविवारी मैत्रीताईचा वर्ग भरायचा. ताई कसली, नववीतली पोर! पण विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाल्यापासून तिची जीभ जी सुटली होती, ती आवरता आवरेना.

आज तिनं सायकल उलटी करून सीटवर उभी केली होती. "पायडलचा दांडा ही तरफ. मागं चाक आणि आस. दोन साधी यंत्रं! चेननं त्यांची सोयरीक जुळवली, की झालं संयुक्त यंत्र."

"ताई, लग्नाचं जेवण काय?" सिद्धेशनं विचारलं.

"ग्रीस! फिरव पायडल." पोरं खिदळली, चाक भिरभिरलं. पायडल थांबल्यावर ती म्हणाली, "मिनू, पुढच्या चकतीला दात किती? मोज."

सहा वर्षांची मिनल बोट लावून मोजू लागली. आणि सिद्धेशनं गंमत म्हणून पायडलला हिसका दिला.

किंकाळीनं विहार दणाणला. मिनलचं बोट चेन आणि चकतीच्या मधे. मागचं चाक मात्र आपलं गरगरतच होतं.

"ओढ हात!" कुणीतरी ओरडलं.

"नको! ओढू नको!" मैत्रीचा आवाज चिरकला.

"मी उलटं फिरवू का?" सिद्धेश रडवेला झाला.

उलटं म्हणजे कुठं? सायकलच उलटी, तिला काही सुधरेना. चुकीच्या बाजूला थोडं जरी फिरलं, तर बोट जाणार.

"ताई, माझं बोट तुटणार?"

मैत्रीला पप्पा आठवले. चाकणच्या कंपनीत फिटर. हात घालायच्या आधी मशीनला लाल कुलूप, आणि ज्याचा हात आत, चावी त्याच्याच खिशात. हे तिनं मागच्याच रविवारी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! आणि सायकलचं कुलूप समोरच, चावी लोंबत. लावायचंच राहिलं होतं.

कुलूप!

तिनं टायर धरून मागचं चाक थांबवलं आणि कुलूप लावलं. खट्. आता चाक पुढं जाणार नाही. म्हणजे चेनही नाही, म्हणजे पायडलही नाही. जे फिरेल ते मागंच फिरेल. तिनं पायडल हळूच एका बाजूला ढकललं. अडलं. दुसऱ्या बाजूला... टिक्. टिक्.

बोट सुटलं. नख काळंनिळं, कातडं सोललेलं.

"हाड शाबूत आहे," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठं मैत्री रडली.

पुढच्या रविवारी ती दारातच घुटमळली. सायकल तशीच उभी. बोटाला पट्टी बांधलेली मिनल पुढं गेली, डाव्या हातानं कुलूप लावलं आणि चावी फ्रॉकच्या खिशात टाकली.

"हं ताई, मोजू?"

"मोज," मैत्री म्हणाली. आणि कुलूप असूनही पायडल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.