शांत दिवाळीची पहाट

खिडकीवरचा टॉवेल वाळत घातलेला नव्हता. तो पिळून ओलाच वरच्या दोन खिळ्यांना ताणून अडकवलेला होता, आणि त्याच्या खालच्या काठाशी एक थेंब जमत होता, लांबत होता, सुलूच्या उशाजवळच्या फरशीवर पडत होता… जयवंती उटण्याची वाटी हातात धरून दारातच थांबली. नरकचतुर्दशीच्या पहाटे बळवंत हा टॉवेल लावायचा. गेली चार वर्षं, न सांगता, न चुकता, पहिला फटाका वाजायच्या आधी. सुलूला दम्याचा त्रास, धूर आत यायला नको म्हणून. केवढा जीव आहे यांचा पोरीवर, असं ती सफाळ्याला माहेरी गेली की आईला कौतुकानं सांगायची. पण आज कुंभवलीत फटाके वाजणारच नव्हते, आणि ते त्याला ठाऊक होतं. गावभर लावलेल्या पाट्या त्यानंच आपल्या वळणदार अक्षरात रंगवल्या होत्या – शांत दिवाळी, निरोगी दिवाळी.

मग टॉवेल कशाला?

सवय असेल, ती मनाशी म्हणाली. माणसाचे हात डोक्याला न विचारता कामं करतात. ती स्वतः नाही का, आमटीला मीठ घातल्याचं विसरून पुन्हा घालत… तिनं वाटी खाली ठेवली आणि मागचं दार उघडून अंगणात आली. तुळशीपाशी पाच पणत्या, तांदळाच्या पिठाची रांगोळी, कळकाच्या कामट्यांना जुन्या धोतराचं पान चिकटवून केलेला कंदील. सगळं तिच्या मनासारखं. आणि शांतता – कुणाच्या तरी न्हाणीत तांब्या आपटला, कोंबडा आरवला, बस्स. फटाके न उडवण्याची शपथ घेतलेली तिच्या बालवाडीची चौतीस पोरं आणि त्यांचे आईबाप, कुणी कुणी शब्द मोडला नव्हता. तिला एकदम रडू यावं इतकं बरं वाटलं. तिनं समाधानानं एक मोठा श्वास घेतला.

आणि तो वास आला.

तोच. घशाच्या मागच्या भागाला जाऊन चिकटणारा, डोळ्यांच्या कडांना झोंबणारा गंधकाचा वास. दर दिवाळीला याच वेळी येणारा, जिला तिनं चार वर्षं शिव्या घातल्या ती फटाक्यांची घाण… पण फटाके कुठं होते? ती कान देऊन उभी राहिली. एखादी तरी लवंगी वाजू दे कुठंतरी, असं तिला वाटलं. एखाद्या द्वाड पोरानं शपथ मोडू दे. आपण महिनाभर घसा फोडला तो फुकट जाऊ दे, पण एक फटाका वाजू दे.

आत सुलू खोकायला लागली होती.

मग दीड तास दुसरं काही नव्हतं. सुलूला उशीला टेकवून बसवणं, गोळी, तुळशीचा वाफारा, श्वास घेताना गळ्याखालचा तो खळगा आत ओढला जायचा त्याकडे बघत राहणं. सात वर्षांच्या पोरीचे खांदे एका श्वासासाठी कानापर्यंत वर जात होते. बळवंत तिची पाठ चोळत होता, हळू, वरून खाली, तळहात गरम करून करून. जयवंतीनं विचारलं, "फटाके कुणी उडवले?"

"स्टेशनाकडं उडवले असतील," तो म्हणाला. "वारा तिकडचा हाय."

देवापुढच्या अगरबत्तीचा धूर खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं स्टेशनाच्याच दिशेला झुकला होता. तिनं तो पाहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवऱ्याला खोटं बोलताना पकडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती; अशा वेळी तोंड कुठं वळवायचं असतं तेही तिला माहीत नव्हतं.

सुलूला झोप लागल्यावर ती ओट्यावर येऊन बसली. गेल्या वर्षीची दिवाळी… बायडीचं झोपडं इथून बांधापलीकडे पन्नास पावलांवर. बायडीची ठमी, सुलूच्याच वयाची, अंगणात लवंगीची एक माळ सोडवत बसली होती, एकेक सुटी करून, पुरवून पुरवून उडवायला. आणि मी भरलेला तांब्या घेऊन गेले आणि तिच्या मांडीवर ओतला. माळेवर ओतला, पण माळ मांडीवर होती. माझी पोर मरतेय आणि तुम्हाला खेळ सुचतायत, असं काहीतरी मी ओरडले होते. ठमी रडली नाही. ओल्या लवंग्या तिनं फडक्यात गुंडाळल्या आणि बायडी नुसती बघत राहिली, जणू तिला काहीतरी सांगायचं होतं पण सांगून उपयोग नव्हता.

ती बायडीच दहाच्या सुमाराला आली. डोक्यावर टोपली, टोपलीत पळसाच्या पानांखाली उकडलेले करांदे, रानातले कंद. भातकापणीच्या ऐन घाईतही तिची ही भेट दर दिवाळीला यायचीच आणि बदल्यात पोह्यांचा चिवडा जायचा. यंदा शपथेला पहिला हात तिनं वर केला होता.

"पोर कशी हाय, बाई?"

"निजलीय. पहाटे फार खोकली."

"आमची ठमीपन खोकली," बायडी टोपली उतरवत म्हणाली. "येनारच. दर सालचा वास हाय तो."

"फटाके तर वाजले नाहीत."

बायडी तिच्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षी होती तीच नजर.

"फटाक्यांचा नाय तो, बाई. कंपनीचा हाय. दिवाळीला कंपनी बंद करतात, तवा पायपातला गॅस सोडून देतात. फटाक्याच्या वक्ताला सोडला का कोनाला कलत नाय." ती टोपलीवरची पानं बाजूला सारू लागली. "तुमाला ठावं नवतं?"

"नाही."

"आमाला वाटलं ठावं हाय. तुमचा मालक तिथंच तं हाय कामाला. तुमी फटाके बंद करा बोलल्या, तवा आमी बोललो, कंपनीनंच शिकवलं आसंल… पोरं आजारी पडली का फटाक्याचं नाव घ्यायला. मंग आमी काय बोलनार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. जयवंतीनं चिवडा बांधून दिला, करांदे ठेवून घेतले, टोपली रिकामी करून परत दिली. हात डोक्याला न विचारता कामं करत राहिले. म्हणजे मी दारोदार फिरून हात जोडत होते तेव्हा प्रत्येक घरात माझ्याकडे कंपनीची बाई म्हणून बघत होते… आणि शपथ पाळली ती का? पटली म्हणून, की मला घाबरून?

आता एकेक गोष्ट सुटी होऊन समोर येऊ लागली. सुलू तीन वर्षांची असताना पहिला जोराचा दमा उठला, त्या सकाळी 'फटाक्यांनी झालं' असं पहिल्यांदा कोण म्हणालं? तो. यंदा तिनं शपथेचं काढलं तेव्हा 'पूर्ण बंद कशाला, थोडे उडवू दे पोरांना' असं कोण म्हणालं? आणि धनत्रयोदशीला पिशवीत लपवून फटाक्यांची दोन पुडकी आणली, 'शास्त्रापुरती', त्यावरून केवढं भांडण… तिला तेव्हा वाटलं होतं, पुरुषाची हौस. हौस नव्हती ती. त्याला गावात थोडा तरी धूर हवा होता. आणि ती हटली नाही तेव्हा त्यानं ब्रश घेतला आणि पाट्या रंगवल्या, इतक्या सुंदर, रात्री मान मोडून, आणि ती शेजारी बसून रंगाचा डबा धरत होती. आपल्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस ते, असं तिला वाटलं होतं.

जेवणं झाल्यावर तिनं विचारलं. ओरडायचं तिनं ठरवलं होतं, पण आवाज साधाच निघाला. "तुम्हाला वेळसुद्धा माहीत होती. म्हणून टॉवेल."

बळवंत पानावरून उठला नव्हता. बोटानं उरलेल्या भाताच्या शितांची रेघ ओढत होता.

"बोललो असतो तं काय झालं असतं?" तो म्हणाला. "गॅस सोडनारा सोडनारच. मी बोललो का मी बाहेर, दुसरा आत. मंग सुलूची गोळी कोन आननार?"

"मला सांगायचं होतं. मला एकटीला."

"तू गप राहिली असतीस?"

हेच सगळ्यात वाईट होतं, की त्यानं बाकी काही केलं नसेल, पण तिला नीट ओळखलं होतं. त्याचा जीव होता पोरीवर, तो खोटा नव्हता. तळहात गरम करून पाठ चोळणारा हात खराच होता. अख्ख्या गावाच्या हवेतून त्यानं एका खिडकीपुरती हवा आपल्या लेकीला राखली होती आणि बाकीची आयुष्यभर फटाक्यांच्या नावावर लिहून टाकली होती, आणि तांब्या घेऊन धावायला बायको होतीच.

तो उठला, हात धुऊन आला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पहाटं दुसऱ्या लायनीचा गॅस हाय. आजच्यापेक्षा जास्त. आज दुपारी चारच्या गाडीनं सुलूला घेऊन सफाळ्याला जा. पाडवा करूनच ये."

मग जवळजवळ विनवणीच्या सुरात, "आता सांगितलं ना तुला."

तिनं पत्र्याची पेटी ओढली. सुलूचे दोन फ्रॉक, गोळ्यांची बाटली, स्वेटर. पाच वाजता बालवाडीत पोरांना शपथ पाळल्याबद्दल शाबासकी आणि नाचणीचे लाडू द्यायचे होते. कुणाला तरी निरोप द्यावा लागेल, काय निरोप द्यायचा… खिडकीतून बांधापलीकडचं अंगण दिसत होतं. बायडी भाताचे भारे लावत होती आणि ठमी तिच्या मागे मागे, मध्येच थांबून खोकत, पुन्हा धावत. पन्नास पावलं. फक्त हाक मारायची. बायडी विचारील, तुमाला कसं ठावं? आणि मग सगळा पाडा विचारील, आणि संध्याकाळपर्यंत ते कंपनीच्या फाटकावर पोचेल, आणि पाडवा संपला की बळवंत घरी बसेल. की आधी ठमीलाही सोबत न्यावं सफाळ्याला? पण मग तिसऱ्या झोपडीतल्या तान्ह्याचं काय, आणि त्याच्या पलीकडच्या…

ती फ्रॉकची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. सकाळपासून तिला एकच गोष्ट कळत नव्हती – चार वर्षं रोज एका ताटात जेवून हा माणूस गप्प कसा राहू शकला, त्याला किती जोर लावावा लागला असेल. आणि आता तिच्या लक्षात आलं की जोर लावावा लागत नाही. काहीच करावं लागत नाही. त्यानं सांगितल्याला अर्धा तास होऊन गेला होता, ठमी समोर खोकत होती, आणि तेवढा अर्धा तास ती गप्पच होती.