व्ही-टूची पाटी

मोहिद्दीन परकार मूळचे गुहागरकडचे. शारजात त्यांचा बसचा धंदा. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कॅम्पांमधल्या बांधकाम कामगारांना सकाळी साइटवर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. नागेश तोडणकरही राहायला शारजातच, पण दुबईत एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. वयात दहा-बारा वर्षांचं अंतर, पण दोघांना वेड एकच. रॉकेटचं.

रविवारी दुपारी मोहिद्दीनभाईंच्या हॉलमध्ये रॉकेटवेड्यांचं मंडळ जमायचं. कधी चार जण, कधी आठ. रशियन माणूस चंद्रावर का पोहोचला नाही, शटल बंद केलं ते बरोबर की चूक, असल्या विषयांवर आवाज चढायचे. मोहिद्दीनभाईंची बायको हाफिजा चहा आणून ठेवायची आणि दार ओढून घ्यायची.

मंडळातली संपदा एका शाळेत फिजिक्स शिकवायची. शाळेच्या विज्ञान दिनासाठी तिनं तिथल्या हॉलचा एक कोपरा मिळवला. ‘बाणापासून मंगळापर्यंत’ असं प्रदर्शन ठरलं. मॉडेल्स नागेश करणार होता. बांबूला बांधलेला चिनी अग्निबाण, म्हैसूरच्या सैन्याचं लोखंडी नळीचं रॉकेट, स्पुटनिक नेणारं रशियन रॉकेट, माणसाला चंद्रावर नेणारं अमेरिकन सॅटर्न, आपलं पीएसएलव्ही आणि शेवटी अमिरातीचं यान मंगळाकडे घेऊन गेलेलं जपानी रॉकेट. मधोमध दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन व्ही-टू. त्याच्यावर नागेशनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. काळ्या-पांढऱ्या चौकटी ब्रशनं रंगवल्या होत्या, पट्टी न लावता.

एका रविवारी त्यानं ते टेबलावर ठेवलं. सगळे वाकून बघू लागले.

“पाटीवर काय लिहिणार?” मोहिद्दीनभाईंनी विचारलं.

“माणसानं बनवलेली अवकाशात पोहोचलेली पहिली वस्तू. उंची, वजन, इंधन. बस.”

“आणि कुणी बनवलं?”

“इंजिनिअरचं नाव टाकू की. पुढे अमेरिकेत जाऊन सॅटर्न त्यानंच केलं.”

“तो कागदावर करत होता. डोंगराखालच्या बोगद्यात कैदी जुंपले होते. हजारोंनी मेले. लंडनवर पडून जेवढे मेले, त्याहून जास्त बनवताना मेले. ते टाक.”

नागेश हसला. “मोहिद्दीनभाई, पाचवी-सहावीची पोरं येणार आहेत. आपण रॉकेटचा इतिहास सांगतोय.”

“मग मी काय बिर्याणीचा सांगतोय?”

कुणीतरी हसलं. नागेशला ते लागलं. तो म्हणाला, “तुम्हाला प्रत्येक गोष्टीत तुमच्या बसमधली माणसं दिसतात. ती काही कैदी नाहीयेत.”

मोहिद्दीनभाईंनी कप खाली ठेवला.

“नाहीत. कैदी असते तर मी हे काम केलं नसतं. त्यांना मध्ये आणू नकोस.”

नागेशनं मॉडेल उचललं, खोक्यात घातलं आणि तो निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. संपदानं फोन केला तेव्हा म्हणाला, “व्ही-टू काढून टाकलंय. खलास. आता कुणाला त्रास नको.”

तिनं ते मोहिद्दीनभाईंना सांगितलं. संध्याकाळी बस लावून झाल्यावर ते थेट नागेशच्या फ्लॅटवर गेले. नागेश तिथे अजून दोघांबरोबर राहायचा, बायको-मुलगी चिपळूणला. दार त्यानंच उघडलं.

“या,” म्हणाला आणि खुर्चीवरचे कपडे उचलले.

“मी काढ म्हटलं नव्हतं,” मोहिद्दीनभाई बसायच्या आधीच म्हणाले.

“मग काय करू? तुम्हाला तर ते दिसायलाच नको.”

“मला ते फार आवडतं. तेच तर सांगतोय तुला. लहानपणी माझ्याकडे त्याचं चित्र होतं, पत्र्याच्या पेटीत झाकणाच्या आतून चिकटवलेलं. कितीतरी वर्षं. बोगद्याचं मी फार उशिरा वाचलं. तेव्हा कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं. एवढंच.”

बाहेर शारजाच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न ऐकू येत होते. मोहिद्दीनभाईंनी त्याला एका कैद्याच्या आठवणींची लिंक पाठवली, चहा नको म्हणाले आणि गेले.

नागेशनं ते जेवायच्या आधी उघडलं. कैदी बोगद्यातच झोपत असत. महिनोन्‌महिने उजेड बघायला मिळत नसे. काम बिघडवल्याचा संशय आला तरी फाशी, तीही इतरांच्या डोक्यावर, क्रेनला लटकवून. नागेशनं सलग वाचलं नाही. मध्ये उठून भात लावला, पुन्हा बसला. व्ही-टूची मापं त्याला तोंडपाठ होती. शेपटीचे पंख तर त्यानं दोनदा नव्यानं कापले होते. त्याला स्वतःचा राग आला नाही, पण भूकही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं संपदाला व्ही-टूच्या पाटीचा मजकूर पाठवला. बाकीच्या पाट्या दोन ओळींच्या होत्या, ही बोगद्यातल्या कैद्यांसकट सात ओळींची.

“लांब होतेय,” संपदा म्हणाली.

“राहू दे.”

प्रदर्शनाच्या दिवशी मोहिद्दीनभाईंच्या व्हॅनमधून सगळी मॉडेल्स गेली. दोघं वाटेत खोकी कशी धरायची एवढंच बोलले. हॉलमध्ये गर्दी झाली. मुलं म्हैसूरच्या रॉकेटजवळ आणि मंगळाच्या यानाजवळ जास्त रेंगाळली. व्ही-टूची पाटी फार कुणी पूर्ण वाचली नाही. एक बाई मुलाला पुढे ओढत म्हणाली, “यल्ला, चल.” एका म्हाताऱ्या मल्याळी गृहस्थांनी मात्र चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली आणि मग ते पुढे गेले.

दुपारी एक मुलगी आली. सहावीतली असावी. तिनं पाटी ओठ हलवत वाचली आणि कैद्यांबद्दल नागेशला विचारलं, “डिड दे नो इट वुड गो टू स्पेस?”

नागेशनं मोहिद्दीनभाईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“आय डोन्ट नो,” नागेश म्हणाला. “आय डोन्ट थिंक एनीबडी टोल्ड देम.”

मुलीनं पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं, मग ती मैत्रिणींकडे पळाली.

संध्याकाळी सामान भरून दोघं निघाले आणि ट्रॅफिकमध्ये अडकले. मग नागेशनं विचारलं, “पुढच्या रविवारी विषय काय?”

“तू सांग.”

“रशियन लोकांचं चंद्रावर जायचं रॉकेट. चारही वेळा फुटलं ते.”

“त्यात दोष इंजिनांचा नव्हता,” मोहिद्दीनभाई म्हणाले.

“नव्हता कसा? इंजिनांचाच होता.”

गाड्या सरकायला लागेपर्यंत त्यांचा वाद रंगला होता. माफी कुणीच मागितली नाही. नागेश पुढच्या रविवारी आला, त्यानंतरही येत राहिला. व्ही-टूचं मॉडेल संपदानं शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मागून घेतलं. पाटीसकट.